यंत्रांना 'कायझेन', मग शरीराला का नको?

पिंपरी, प्रतिनिधी - पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वाटचालीचा प्रारंभ साधारणपणे एका औषध कारखान्यापासून मानला जातो. १९५४ मध्ये पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि देशात पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. जंतुसंसर्गाने माणसे दगावण्याचा तो काळ होता. काही इंजेक्शने घेतली, की रुग्णाला उतार पडत असे. आज याच शहरातील कामगाराला आणि कर्मचाऱ्याला मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपुरी झोप आणि पाठदुखीने गाठले आहे. या आजारांवर औषधे आहेत; परंतु पेनिसिलीनसारखा चार दिवसांत बरे करणारा उपाय नाही. त्यांचे मूळ रोजच्या जगण्यात आहे आणि उपायाचा मोठा भागही तेथेच आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरीचा परिसर कारखान्यांनी भरून गेला. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेपर्यंत लोकसंख्या १७ लाखांच्या पुढे गेली. कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे चाकण पुढे मोटार उद्योगाचे केंद्र झाले. येथील लाखो कुटुंबांचा दिवस सूर्योदयाने नव्हे, तर पाळीच्या वेळापत्रकाने ठरतो. एका आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, त्यानंतर रात्रपाळी. अशा माणसाला 'पहाटे पाचला उठून तासभर फिरायला जा' हा सल्ला देणे सोपे असते. मात्र रात्रपाळी करून पहाटे पाचला जो यंत्रासमोर उभा आहे, त्याला तो निरुपयोगी आहे. म्हणूनच या पट्ट्यातील माणसाने आरोग्याची सवय घड्याळाच्या काट्याला न बांधता पाळीतील ठरलेल्या घटनांना बांधली, तर ती टिकण्याची शक्यता अधिक असते. ती कशी बांधावी, याचा हा आढावा.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे १० कोटी जणांना मधुमेह होता. आणखी १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आढळले. शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के होते. मराठवाडा, विदर्भ किंवा खानदेशातील गावातून नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला येणारा तरुण या दोन आकड्यांमधील अंतर अवघ्या काही वर्षांत पार करतो. शेतातील काम सुटते, बसून प्रवास वाढतो, घरच्या भाकरीच्या जागी खानावळीचे ताट आणि टपरीवरचा वडापाव येतो.

यात खरे नुकसान आहे ते वयाचे. चाळिशीच्या आसपास, म्हणजे घराचे हप्ते आणि मुलांचे शिक्षण सुरू असतानाच आजार पुढे येतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत आजारपणाचा दिवस म्हणजे बहुधा बुडालेली मजुरी. मधुमेहाकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या संवेदना यांवर परिणाम होतो. ज्याचे पोट नजरेच्या अचूकपणावर आणि हातापायांच्या बळावर चालते, त्याच्यासाठी हे नुकसान दुहेरी असते.

सडपातळ माणसाने निर्धास्त राहू नये

'मी तर बारीक आहे, मला साखरेचा त्रास कसा होईल', हा गैरसमज सर्वत्र आढळतो. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम या संदर्भात जगभर परिचित आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, चरबी अधिक असू शकते, हे यातून ठळकपणे पुढे आले.

त्यामुळे भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला, की वजन जास्त मानले जाते. वजनकाट्यापेक्षाही शिंप्याची टेप अधिक उपयोगी ठरते. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर सावध व्हावे.

थोड्या बदलाचा किती लाभ?

लहानसहान बदलांनी काय होणार, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर संशोधनाने दिले आहे. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधक प्रकल्पाचे निष्कर्ष २००२ मध्ये जाहीर झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींना वजन सात टक्क्यांनी घटविण्याचे आणि आठवड्यात १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट देण्यात आले होते. ७० किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो. एवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन या गोळीने ते ३१ टक्क्यांनी कमी झाले होते.

भारतात चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने असाच प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला; आहार व व्यायामात बदल केलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. जीवनशैलीतील बदल आणि औषध या दोन्हींचा लाभ जवळपास सारखाच होता.

कामाच्या ठिकाणच्या हालचालीचे महत्त्व तर सत्तर वर्षांपूर्वीच लक्षात आले होते. ब्रिटनमधील डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बससेवेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला. चालक दिवसभर बसून असत. वाहक दुमजली बसचे जिने सतत चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आढळले. हे वाहक काही व्यायामशाळेत जात नव्हते. दिवसभरात विखुरलेली हालचाल त्यांच्या कामी आली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सलग दहा मिनिटे व्यायामाची जुनी अट ठेवली नाही. आठवड्यात १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल तुकड्यातुकड्यांनी झाली, तरी ती धरली जाते.

सवय लागते कशी?

'२१ दिवस केले, की सवय लागते' असे सर्रास सांगितले जाते. या समजुतीचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी शल्यचिकित्सकाच्या १९६० मधील पुस्तकात सापडतो. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रुग्णाच्या अंगवळणी पडण्यास किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. सवयींशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नवी कृती अंगवळणी पडण्यास मध्यमानाने ६६ दिवस लागतात, असे त्यात दिसले. मात्र व्यक्तीगणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा होता. एखादा दिवस चुकला, तरी सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही. नवीन वर्षाचा संकल्प दुसऱ्याच आठवड्यात मोडला म्हणून तो कायमचा सोडून देणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

सवयीला खुंटी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात 'अमुक घडले, की मी तमुक करीन' अशा नेमक्या संकल्पाचे महत्त्व दाखवून दिले. 'मी रोज चालेन' यापेक्षा 'जेवणाचा डबा बंद केला, की दहा मिनिटे चालेन' हा संकल्प अधिक टिकतो. पाळी बदलली, तरी डबा उघडणे, हजेरी पंच करणे, कंपनीच्या बसमध्ये बसणे, सुरक्षा बूट काढणे या घटना बदलत नाहीत. सवय त्यांनाच बांधावी.

हे तत्त्व येथील कामगाराला नवे नाही. जपानी उद्योगातून आलेला 'कायझेन' म्हणजे सातत्याने केलेली छोटी सुधारणा. असेंब्ली लाईनवर दोन पावले वाचविणारी सूचना करून बक्षीस मिळविणारे कामगार या पट्ट्यात ठिकठिकाणी आहेत. चूक होऊच नये अशी आधीच व्यवस्था करणारे 'पोका-योके' त्यांना ठाऊक असते. यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता ठरल्या दिवशी त्याची देखभाल केली जाते. फरसाणाचा डबा डोळ्यांसमोरून हलवून वरच्या फळीवर ठेवणे, हा घरचा पोका-योके होय. बॅगेत पाण्याची बाटली रात्रीच भरून ठेवणे, हे घरचे कायझेन.

चहाचा हिशेब

बदलाची सुरुवात कोठून करावी, असा प्रश्न पडल्यास चहापासून करावी. दिवसात पाच चहा आणि प्रत्येकात दोन लहान चमचे साखर धरली, तर सुमारे ५० ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. २,००० उष्मांकांच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी आणि शक्य तर २५ ग्रॅमपर्यंत आणावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीचे गणित आहे. म्हणजे मिठाई, बिस्किटे आणि शीतपेय बाजूला ठेवले, तरी चहानेच मर्यादा गाठलेली असते.

प्रत्येक कपातील साखर निम्मी केली, तर रोज २५ ग्रॅम साखर वाचते. वर्षाचे ३०० दिवस धरले, तर साडेसात किलो. ही घट एकदम करण्याची गरज नाही. पाव चमचा कमी करून दोन आठवडे थांबावे आणि जिभेला सवय झाली, की पुढचा पाव चमचा कमी करावा. कारखान्यातील यंत्राच्या चहात साखर बहुधा आधीच मिसळलेली असते. तेथे साखर कमी करता येत नाही. म्हणून कपांची संख्या कमी करावी किंवा बिनसाखरेच्या पर्यायाची मागणी करावी. साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे चहा निर्धोक झाला, असे मात्र नाही. रक्तातील साखरेच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नाही.

डबा, कँटीन आणि खानावळ

चाकणजवळच्या म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांत खोली घेऊन राहणाऱ्या तरुणांचे जेवण बहुतांशी खानावळीवर अवलंबून असते. कायम नोकरीतील कामगाराला कँटीन मिळते. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणारे वाकड, पिंपळे सौदागरचे रहिवासी मोबाईलवरून जेवण मागवितात. तिघांच्या ताटातील उणीव मात्र सारखीच असते. भात, पोळी, बटाटा यांची रेलचेल; डाळ-उसळ आणि भाजी बेताची.

येथे नवा आहार शोधण्याची गरज नाही, ताटातील प्रमाण बदलावे. निम्मे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासळीचे आणि उरलेले पाव ताट भाकरी, पोळी वा भाताचे, ही सोपी विभागणी आहे. खानावळीत दुसऱ्यांदा भात घेण्याऐवजी दुसऱ्यांदा उसळ मागावी. आधी भाजी-डाळ आणि मग भात, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतर साखर एकदम वाढत नाही. दुपारच्या वडापावाला पर्याय म्हणून मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे खिशात ठेवणे स्वस्तही पडते.

मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा आहे. देशातील सरासरी सेवन सुमारे आठ ग्रॅम आढळले आहे. ताटात वाढलेले मीठ, लोणचे, पापड आणि फरसाण यांपैकी रोज एक गोष्ट वगळली, तरी फरक पडतो. भट्टीजवळ किंवा अति उष्णतेत काम करून घाम गाळणाऱ्यांनी मात्र मीठ एकदम तोडू नये. कारखान्याच्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी कमी सोडियमचे मीठही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम असते.

शतपावलीचे शास्त्र

जेवणानंतर शतपावली करण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. आधुनिक अभ्यासांनीही तिला दुजोरा दिला आहे. जेवणानंतर काही मिनिटे सावकाश चालले, तरी बसून राहणाऱ्याच्या तुलनेत रक्तातील साखर कमी वाढते, कारण चालणारे स्नायू ती साखर वापरू लागतात. कँटीनमधून यंत्राकडे येताना लांबची वाट धरणे, ही कारखान्यातील शतपावलीच होय.

दिवसाला १०,००० पावलांचे उद्दिष्ट पाहूनच अनेक जण खचतात. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. २०२५ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात ७,००० पावलांशीही मोठा लाभ निगडित असल्याचे दिसले. दिवसाला २,००० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ७,००० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४७ टक्के कमी होता. आज ३,००० पावले होत असतील, तर पुढील महिन्यात ४,००० करणे हेच योग्य उद्दिष्ट ठरेल.

पुणे-नाशिक महामार्गावर तळेगाव चौक किंवा आंबेठाण चौकातील कोंडी आणि धूर पाहता रस्त्याच्या कडेने चालणे सर्वांना शक्य नाही. निगडीची दुर्गा टेकडी, भोसरीचे सहल केंद्र किंवा आपल्या वसाहतीतील उद्यान येथे सुट्टीच्या दिवशी जावे; कामाच्या दिवशी जिने वापरावेत. मेट्रोने जाणाऱ्यांनी सरकता जिना सोडून साध्या जिन्याने चढावे.

लाईनवर आठ तास उभे राहणे म्हणजे व्यायाम, असेही समजू नये. एकाच जागी उभे राहिल्याने पिंढऱ्यांतील रक्त साचते, कंबर आखडते. दर तासाला टाचा १५-२० वेळा उचलणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे आणि पाळी संपल्यावर दहा मिनिटे पाय उंचावर ठेवणे उपयुक्त ठरते. संगणकासमोर बसणाऱ्यांनी प्रत्येक फोन उभ्याने घ्यावा.

रात्रपाळी आणि झोप

शरीराचे अंतर्गत घड्याळ उजेडावर चालते. रात्रपाळीने ते विस्कटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाची नोंद 'संभाव्य कर्करोगकारक' गटात केली आहे. रात्रपाळी टाळणे कामगाराच्या हाती नसते. तिचा उपद्रव कमी करणे काही अंशी असते.

मुख्य जेवण पाळीला निघण्यापूर्वी करावे. मध्यरात्रीनंतर पोटभर भात खाण्याऐवजी ताक, फळ, थोडी उसळ असे हलके घ्यावे. झोपेच्या सहा तास आधी शेवटचा चहा व्हावा. सकाळी साडेआठला झोपणाऱ्याने रात्री अडीचनंतरचा चहा टाळावा, असा याचा अर्थ. एका खोलीत चार-पाच जण राहत असतील, तर एकाच पाळीतील मंडळींनी एका खोलीत राहावे. खिडकीला जाड चादर, कानात कापूस आणि मोबाईल आवाजाविना, एवढी तजवीज कमी खर्चात होते. सलग सात तास झोप शक्य नसेल, तर सकाळी पाच तास आणि पाळीपूर्वी दीड-दोन तास अशी विभागणी करावी. घरच्यांनीही रात्रपाळीच्या माणसाची दिवसाची झोप ही 'आळस' न मानता रात्रीच्या झोपेइतकीच जपावी.

पाळी संपल्यावर डोळे मिटत असतील, तर दुचाकीला किक मारू नये. निघण्यापूर्वी वीस मिनिटांची डुलकी घ्यावी किंवा कंपनीच्या बसने जावे. डुलकीचा एक क्षण महामार्गावर जीवघेणा ठरू शकतो.

स्वयंपाकघरातील कामगार

या सर्व पाळ्यांचे डबे भरणाऱ्या गृहिणीच्या आरोग्याचा विचार क्वचितच होतो. घरात तिघांच्या तीन पाळ्या असतील, तर तिची चौथी पाळी संपतच नाही. शिवाय अनेक स्त्रिया स्वतःही कारखान्यात काम करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९-२१) पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. येथेही दोन लहान बदल उपयोगी पडतात. पालेभाजी, मटकी किंवा बाजरीच्या जेवणावर लिंबू पिळावे. त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. चहा मात्र जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावा, कारण चहातील घटक लोह शोषू देत नाहीत. आणि सर्वांचे उरलेले खाण्याऐवजी तिने आपले ताट आधी वाढून बाजूला ठेवावे. रक्तक्षय तीव्र असल्यास मात्र गोळ्यांना पर्याय नाही.

येथे 'थोडे थोडे' पुरत नाही

प्रत्येक गोष्ट हळूहळू कमी करण्याचा सल्ला सर्वत्र लागू पडत नाही. तंबाखू हा त्याला अपवाद आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत होते आणि त्यांतील बहुसंख्य तंबाखू चघळणारे किंवा मिश्री लावणारे होते. रात्रपाळीत जाग यावी म्हणून लागलेली चुन्याची चिमूट पुढे सुटत नाही. तिची सुरक्षित मात्रा नाही. तंबाखूऐवजी सुपारी चघळणे हाही उपाय नव्हे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. सोडण्याची तारीख ठरवून पूर्ण थांबावे. तलफ साधारणतः काही मिनिटांत ओसरते; तेवढ्यापुरते बडीशेप, लवंग किंवा पाण्याचा घोट कामी येतो. केंद्र सरकारच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवर तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन मिळते.

तसेच, ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे सुरू आहेत, त्यांनी सवयी सुधारल्या म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी पाळी बदलताना जेवणाच्या आणि मात्रेच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

मोजल्याशिवाय सुधारणा नाही

दर्जा तपासल्याशिवाय कारखान्यातून सुटा भाग बाहेर पडत नाही. शरीराचेही चार आकडे माहीत असावेत : कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीए१सी' चाचणी. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब व साखरेच्या तपासणीची सोय राष्ट्रीय कार्यक्रमाखाली आहे. संत तुकारामनगरमधील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, विमाधारक कामगारांसाठी चिंचवडचे राज्य विमा रुग्णालय आणि चाकणचे ग्रामीण रुग्णालय हे या भागातील आधार आहेत. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे आणि अर्धा तास आधी चहा-तंबाखू घेऊ नये. अन्यथा आकडा चुकीचा येतो.

जबाबदारी एकट्या कामगाराची नाही

माणसाची सवय त्याच्या परिस्थितीवर अवलंबून असते. कँटीनमध्ये रोज तळलेला नाश्ताच असेल, तर कामगाराच्या निर्धाराला मर्यादा पडतात. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कंत्राटी कामगार धरून १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचा उपाहारगृहासाठी विचार केला आहे. विहित वयोगटातील वा वर्गातील कर्मचाऱ्यांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीचीही तरतूद आहे. कँटीन समितीत बसणाऱ्या कामगार प्रतिनिधींनी बिनसाखरेचा चहा, रोज एक उसळ आणि आठवड्यातील काही दिवस बिनतळलेला नाश्ता एवढ्या मागण्या लावून धरल्या, तर शेकडो जणांची सवय एका निर्णयाने बदलू शकेल.

आषाढी वारीसाठी देहू-आळंदीच्या पालख्या याच परिसरातून पंढरपूरला निघतात. सुमारे अडीचशे किलोमीटरचे ते अंतर वारकरी मुक्काम ठरवून, टप्प्याटप्प्याने पार करतात. आरोग्याची वाटही तशीच मुक्कामांची आहे.

थोडक्यात : पाळीनुसार सवयी

पहिली पाळी : रात्रीच बाटली व डबा तयार ठेवावा. पहिला चहा कमी साखरेचा. दुपारी घरी आल्यावर झोप अर्ध्या तासापुरतीच.

दुसरी पाळी : निघण्यापूर्वी पूर्ण जेवण, सुट्टीत हलका डबा. मध्यरात्री घरी परतल्यावर पुन्हा ताट वाढून घेऊ नये.

रात्रपाळी : जेवण पाळीपूर्वी, शेवटचा चहा झोपेच्या सहा तास आधी. अंधाऱ्या खोलीत झोप.

सर्व पाळ्या : डबा बंद केला, की दहा मिनिटे शतपावली. सुट्टीच्या दिवशी तासभर टेकडी वा उद्यान.

महिन्यातून एकदा : कमरेचा घेर मोजून भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहावा.

यांपैकी सर्व सवयी एकाच वेळी सुरू करू नयेत. येत्या पाळीपासून एकच निवडावी, दोन महिने सांभाळावी आणि ती अंगवळणी पडली, की पुढची हाती घ्यावी.